कळ म्हणजे कल नव्हे

९ सप्टेंबर, मंगळवार

मोबाईलने आज मला शाबासकी दिली. पडद्यावर एक ससा आला, त्याच्या पुढच्या दोन दातांना तारा, आणि म्हणाला – वाह दादाजी! शहात्तराव्या वर्षी सशाकडून शाबासकी घेतली. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

हे ॲप समताच्या दातांच्या डॉक्टरांनी घालून दिलं आहे. समता माझी नात. बारा वर्षांची, सातवीत. वरचे दात पुढे आणि खालचा जबडा मागे, ही माझ्या बायकोच्या, प्रभावतीच्या माहेरची देणगी. तारा बसून वर्ष झालं. उन्हाळ्यापासून रबरं सुरू आहेत. मसुराच्या दाण्याएवढी. वरच्या सुळ्याच्या आकड्यापासून खालच्या दाढेपर्यंत, दोन्हीकडे, ताणून लावायची. जेवताना आणि दात घासताना काढायची. बाकी दिवसरात्र तोंडात. ती ओढतात तेव्हा जबडा जुळतो. नाही लावली तर तारा नुसत्या दागिन्यासारख्या.

सकाळी रबर लावलेल्या तोंडाचा फोटो पाठवायचा. संध्याकाळी ससा विचारतो, आज रबर पूरे समय पहना? समता माझ्याच फोनवर ‘हाँ’ दाबते. तिला स्वतःचा फोन नाही. तिच्या आईचा नियम.

विनय आणि सूनबाई रेवती, दोघांची बदली जूनमध्ये नागपूरला झाली. शाळा एप्रिललाच सुरू झालेली, आणि डॉक्टर म्हणाल्या, मध्येच डॉक्टर बदलू नका. म्हणून समता इथे फरीदाबादला माझ्याजवळ. ठरलंय ते असं – मार्चपर्यंत दात व्हायचे, तारा निघायच्या, आणि नव्या वर्षाला ती नागपूरच्या शाळेत. मार्चला जमलं नाही तर अख्खं वर्ष आणखी इथे. विनयला ते नको आहे. त्याने हेच ॲप स्वतःच्या फोनवरही घेतलं आहे. तिकडून रोज फोटो बघतो.

११ सप्टेंबर, गुरुवार

आजच्या फोटोत दात कमी, माझा अंगठा जास्त. ससा म्हणाला, फिर से कोशिश करें.

१४ सप्टेंबर, रविवार

दात घासण्यासाठी ॲपमध्ये एक धून आहे. ती वाजेपर्यंत घासत राहायचं. पण धून कशी – लग्नाच्या बँडवाल्याला झोप आल्यासारखी. समता तोंडात फेस घेऊन तिची नक्कल करते.

मग शोध लागला की धुनेच्या जागी आपला आवाज भरता येतो. दुपारभर तेच केलं. भुजंगप्रयात निवडला. आर्वीच्या शाळेत कवितेच्या तासाला मास्तर टेबलावर बोटांनी ठेका धरत – आखूड, लांब, लांब. आखूड, लांब, लांब – आणि आम्ही चाळीस पोरं एका चालीत म्हणत असू. अर्थ निम्म्यांना कळत नसे. पण साठ वर्षांनंतरही तो ठेका पायऱ्या उतरताना माझ्या पायात येतो. खिडकीबाहेर कडुनिंब होता. आत खडूचा वास. कवितेचा तास जेवणानंतरचा असायचा, त्यामुळे सगळ्या कविता मला अजून थोड्या पेंगुळलेल्याच आठवतात.

असो. माझी रचना –

हळू दात घासू, हळू गोल फेरी
जिथे तार तेथे लपे चोर वैरी

वृत्त शुद्ध आहे. दोनदा मोजून पाहिलं. अशा आठ ओळी केल्या आणि ठेक्यात म्हणून भरल्या.

समताने ऐकलं. माझ्या मागोमाग म्हणू लागली – “हलू दात घासू.” मी म्हटलं, हलू नाही ग, हळू. ती म्हणाली, तेच तर म्हणतेय, हलू. दिल्लीत वाढलेल्या पोरांना ळ येत नाही. हिंदीत तो नाहीच, मग जीभ तिकडे जायची कशाला? पण हळू म्हणजे सावकाश, आणि हलू म्हणजे डुगडुगू. वर्षभर तारा बांधून घेतल्यावर नात सकाळी आरशापुढे उभी राहून गाते – हलू दात घासू!

विनयचं असं झालं नाही. तो पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकला. प्रभावती तिथेच शिकवायला होती. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमधून दोघं एकाच बसने जायचे. पोराचा ळ चुकला तर ती बसमध्येच त्याच्याकडून तो दहादा म्हणवून घेई. ती असती तर समताचा ळ असा मोकाट सुटला नसता.

२० सप्टेंबर, शनिवार

पालकसभा. आई-बाप नागपुरात, म्हणून मी गेलो. वर्गशिक्षिका गणिताच्या मार्कांवर बोलत होत्या आणि माझ्या खिशातून खड्या आवाजात – हळू दात घासू, हळू गोल फेरी! आवाज माझाच. बंद करायचं बटण सापडेना. मागच्या बाकावरचे एक सरदारजी ठेक्यावर मान हलवत होते.

घरी येईपर्यंत समता रिक्षात माझ्याशी बोलली नाही. मग जिन्यात म्हणाली, “आबा, वेळ बदलून ठेवा ना यार. सकाळचं सकाळीच वाजू दे.” यार! आजोबाला! पण रागावणार कोण. मला हसू येत होतं.

२८ सप्टेंबर, रविवार

महिन्याची तपासणी. डॉ. अर्पिता तरुण आहेत, बोलतात कमी. समताचं तोंड उघडून बराच वेळ पाहिलं. मग फोनवर ॲप पाहिलं. पुन्हा तोंड पाहिलं. ॲपमध्ये सगळे दिवस हिरवे. म्हणाल्या, थोडं स्लो आहे. काही मुलांना वेळ लागतो. असंच राहिलं तर मार्चला होणार नाही बहुतेक. पुढच्या वेळी पाहू.

समता बुटांकडे बघत होती.

बाहेर पडून मी मार्केटातून गरम जिलेबी घेतली. घरी येऊन ताटात काढली तेव्हा समताने विचारलं, आज काय आहे आबा? मी म्हटलं, असंच, दसरा येतोय.

२ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोपुढे मेणबत्त्या लावल्या. समताने वंदना म्हटली, एकाही ठिकाणी न अडखळता. पालीत तिला काही अडचण नाही. मराठी म्हटलं की जीभ जड.

विनयचा फोन दीक्षाभूमीवरून. मागे एवढी गर्दी की तो ओरडून बोलत होता. म्हणाला, बाबा, पुढच्या वर्षी तुम्ही इथे पाहिजे. मार्चमध्ये समता आली की तुम्हीही या, फ्लॅट भाड्याने देऊन टाकू. हे तो दर फोनला म्हणतो. मी दर फोनला ‘बघू’ म्हणतो.

मागच्या वर्षी तिथे नातेवाइकांकडे महिनाभर राहून आलो ना. माणसं चांगली, जेवण चांगलं. पण संध्याकाळी फिरायला निघालो तर कुठे वळायचं ते विचारून निघावं लागे. ज्या नागपूरला मी ओळखत होतो ते आता नाही. इथे भाजीवाल्यापासून बँकेतल्या शिपायापर्यंत सगळे ‘शामराव जी’ म्हणतात. प्रभावती याच घरातून गेली. तिची उशी अजून मी तिच्याच बाजूला ठेवतो. मी कुठेही जाणार नाही, हे विनयला माहीत आहे. समतालाही माहीत आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज करार झाला.

झालं असं – सकाळी समताला रबराची आठवण केली तर ती म्हणाली, आबा, तुम्ही तरी कुठे घालता? तिचा रोख माझ्या कवळीवर होता. दोन वर्षांपूर्वी करून घेतली, आणि तेव्हापासून ती बहुतेक वेळ वाटीत पाण्यात असते. घातली की हिरड्यांना बोचते, आणि बोलताना शब्दांच्या आधी टकटक येते. लग्नाकार्यात तेवढी घालतो. समता तिला ‘कवली’ म्हणते.

बोलणं खरं होतं. लागलं. मी म्हटलं, ठीक आहे. तुझी रबरं जितका वेळ, तितका वेळ माझी कवळी. जेवताना तू काढायचीस, मी घालायची – एवढाच फरक. बाकी दिवसभर दोघांच्या तोंडात. मंजूर?

“दिवसभर? रोज?”

“तू करतेस ना रोज?”

“हो,” ती म्हणाली. हातावर हात मारला.

१३ ऑक्टोबर, सोमवार

कवळी बोचते. कविता म्हणून पाहिली, टकटक होते.

१५ ऑक्टोबर, बुधवार

हिरडीला डावीकडे फोड आला आहे. पण शब्द दिला तो दिला. भाजीवाला म्हणाला, शामराव जी, आज तो जवान लग रहे हो. त्याला काय माहीत आत काय चाललंय.

समता येता-जाता माझ्या तोंडाकडे बघते. संध्याकाळी जवळ येऊन म्हणाली, आबा, काढा आता, पुरे झालं. मी विचारलं, तू काढतेस का? ती आत गेली. मग बराच वेळ बेसिनजवळ आरशापुढे उभी होती. मला वाटलं, पोरीला माझं कौतुक वाटतंय.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

समताला शाळेतून आल्यापासून दुखतंय. जेवली नाही. पेज दिली ती चमच्याने घेतली, डोळ्यांत पाणी.

ॲपमध्ये दुखण्याचे चेहरे आहेत. हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. त्यातला एक दाबायचा. तिने रडका दाबला. ससा म्हणाला, थंडा पानी पिएँ. एवढंच. दुखण्याला एक चेहरा पुरतो का? मी तिला म्हटलं, नीट सांग, कसं दुखतंय? ती म्हणाली, दुखतंय म्हणजे दुखतंय.

मग मी तिच्या उशाशी बसून सांगितलं. आतून ढोल वाजवल्यासारखं दुखतं तो ठणका. जखम पिकताना दुखते ती ठसठस. वरवर चुरचुरतं ते हुळहुळणं. चिंच खाल्ल्यावर दात आंबतात. आणि मध्येच एकदम सुरी फिरल्यासारखी येते आणि जाते, ती कळ. ती डोळे मिटून ऐकत होती. शेवटचा शब्द ऐकून म्हणाली, “हां. हीच. कल.”

मी दवाखान्यात निरोप टाकला. इंग्रजी अक्षरांतच टाकावा लागतो, मला दुसरं येत नाही. तिथली सोनम नावाची मुलगी उत्तरं देते. तिला मराठी कळणार नाही म्हणून हिंदीत लिहिलं – समता को बहुत कळ आ रही है. दोन मिनिटांत उत्तर आलं – ठीक है अंकल, ग्यारह बजे.

काय तत्पर दवाखाना! असं सरकारी नोकरीत आम्ही एकदाही केलं नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार

आज जे झालं ते सगळं लिहून ठेवतो.

अकराला पोचलो. आज धनतेरस, मार्केटात पाय ठेवायला जागा नाही, दवाखान्यातही गर्दी. सोनमने विचारलं, बोलिए अंकल, काय झालं? मी म्हटलं, काय झालं म्हणजे? काल लिहिलं ना, कळ येतेय म्हणून. ती म्हणाली, हो ना, तुम्हीच लिहिलंत, समता कल आ रही है. म्हणून तर नाव टाकलं. हां, वो ‘बहुत’ समझ में नहीं आया था.

इंग्रजी अक्षरांत ळ आणि ल एकच! मी कळ लिहिली, तिने कल वाचला. मी वेदना पाठवली, तिने तारीख दिली. मला हसू आवरेना. सोनमही हसली. समताही, गाल धरून. तेवढ्यात नंबर आला.

डॉक्टरांनी पाहिलं. तार सुटली नव्हती, टोचत नव्हती, हिरडी सुजली नव्हती. बोटाने एकेक दात दाबून विचारलं. मग मागे टेकून बसल्या. मला म्हणाल्या, अंकल, हे दुखणं पहिल्या आठवड्याचं आहे. जो रोज घालतो त्याला इतक्या महिन्यांनी असं दुखत नाही. ज्याने आत्ताच घालायला सुरुवात केली, त्यालाच दुखतं.

मला आधी समजलंच नाही. म्हटलं, पण रोजचे फोटो आहेत, सगळे दिवस हिरवे आहेत. त्या समताकडे बघत राहिल्या. समता छताकडे. खुर्चीत आडवी, तोंडावर दिवा, डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे.

शेवटी तिनेच सांगितलं. हिंदीत, कारण बाहेरच्या गोष्टी ती हिंदीतच सांगते. फोटोपुरतं घालत होते. मग काढत होते.

आणि हे चार-पाच दिवस?

“आबा कवली घालून बसलेले. त्यांना लागत होतं. मग मी पण खरं घातलं.”

डॉक्टर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, आजपासून नेमाने घातलं तर अजूनही मार्चला होईल. नाही घातलं तर पुढचा हिवाळा, लिहून देते. आणि ॲपमध्ये काहीतरी बदललं. आता संध्याकाळचं ‘हाँ’ समता दाबणार नाही. अंकल दाबतील. माझा अंगठा त्या काचेवर ठेवून नोंदवून घेतला.

रिक्षात समता म्हणाली, आबा, कवली काढा. मी काढली आणि रुमालात बांधली.

१९ ऑक्टोबर, रविवार

विनयचा फोन. डॉक्टरांनी ॲपवर लिहिलेलं त्याने वाचलं होतं. म्हणाला, बाबा, तुम्ही घरात होतात ना? रोज बघत होतात ना तिच्या तोंडाकडे? बाजूने रेवती म्हणाली, अहो, त्यांना कशाला बोलता. तो म्हणाला, मग कुणाला बोलू.

मी तिच्या तोंडाकडे बघत होतो, पण बोलणं ऐकायला. दात पाहिले नाहीत.

त्याने विचारलं, का नाही घातलं म्हणते? मी म्हटलं, दुखत असेल. समता दाराआडून ऐकत होती.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

फटाक्यांच्या धुराने घसा बसला आहे. दिवसभर घरात. स्वयंपाकाच्या बाईंनी मऊ खिचडी करून ठेवली होती. ती खाताना मी विचारलं. सहज, भाताकडे बघत. खरं काय ते सांग, दुखत होतं म्हणून नाही ना?

नाही म्हणाली.

मग?

बराच वेळ चमच्याने खिचडीवर रेघा ओढत होती. मग म्हणाली, “दात झाले की मार्च. मार्च झाला की नागपूर.”

मी तिला आणखी खिचडी वाढली.

“तुम्ही तर येणार नाही. बाबांना नेहमी बघू-बघू म्हणता. मला माहितीये.”

मग मोठ्या माणसाने जे म्हणायला हवं ते सगळं म्हटलं. दात जन्मभराचे आहेत. आई-बाबा वाट बघतात. मी म्हातारा माणूस, माझ्यासाठी कुणी दात वाकडे ठेवतं का?

“वाकडे नव्हते ठेवत, आबा,” ती म्हणाली. “फक्त स्लो.”

या उत्तराला माझ्या सगळ्या कवितांत तोड नाही.

पण मी ढळलो नाही. तिच्याकडून वचन घेतलं. उद्यापासून खरं. फोटोपुरतं नाही. तिने मान हलवली. मी म्हटलं, तोंडाने सांग. तिने तोंडाने सांगितलं. जेवण झाल्यावर माझ्यासमोर उभं राहून दोन्ही बाजूंची रबरं लावली आणि तोंड उघडून दाखवलं, पोलिसाला दाखवावं तसं.

विनयला हे कळवलं नाही. त्याला दुखणंच वाटू दे.

२६ ऑक्टोबर, रविवार

तपासतो. शाळेतून आल्यावर, झोपताना. असतात. संध्याकाळी ससा विचारतो, मी आधी तिला आ करायला लावतो आणि मगच अंगठा ठेवतो. खोट्याचा डाग आपल्या अंगठ्याला नको.

कळ कमी झाली म्हणते.

२ नोव्हेंबर, रविवार

हवा फार वाईट आहे. समोरच्या ब्लॉकची पाण्याची टाकीसुद्धा दिसत नाही. फिरणं बंद.

घरात बसून समताला ळ शिकवला. जिभेचं टोक मागे वळव, टाळूला लाव आणि सोड. टाळू म्हणजे काय? तोंडाचं छत. कमळ, बाळ, केळं, फळा. तिला फळाही नवा होता, त्यांच्या वर्गात नुसता बोर्ड असतो. तासाभराने एकदा बरोबर आला. “कळ.” स्वतःच दचकली. मग दिवसभर घरभर कळ-कळ-कळ. बाईंनी विचारलं, गुड़िया को क्या हुआ?

प्रभावती असती तर म्हणाली असती, झालं, आता विसरणार नाही. सायकलसारखं असतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

तपासणी. डॉ. अर्पिता पहिल्यांदा हसल्या. महिन्याभरात जे झालं ते आधीच्या चार महिन्यांत झालं नव्हतं. समताला आरसा देऊन दाखवलं – वरचे आणि खालचे दात आता बोटभर दूर नाहीत. मार्च पक्का, म्हणाल्या. कदाचित फेब्रुवारीतच.

सोनम म्हणाली, अंकल, पुढच्या वेळी दर्द लिहा. कल मत लिखिए.

सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. मीही समताच्या पाठीवर हात ठेवला. मार्केटातून येताना जिलेबीवाल्याने आवाज दिला. नको म्हटलं, घसा खराब आहे.

संध्याकाळी विनय फोनवर एवढा खूश की वाक्य पुरं करत नव्हता. शाळा बघून आलाय. मैदान मोठं आहे. मराठी विषयही घेता येतो. समतासाठी खिडकीजवळ टेबल घेतलंय. समता ‘हां बाबा, अच्छा बाबा’ म्हणत होती. मग फोन माझ्याकडे दिला आणि बाल्कनीत जाऊन उभी राहिली. विनय म्हणाला, थँक यू बाबा. तुम्ही होतात म्हणून झालं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

फेब्रुवारी अठ्ठावीसच दिवसांचा असतो.

२३ नोव्हेंबर, रविवार

समताने मला व्हिडिओ कॉल लावायला शिकवलं. समोर बसून, एकदा, दोनदा, पाच वेळा. म्हणाली, मी नसेन तेव्हा तुम्हीच लावायचा, आधी हे दाबायचं, मग हे. मला पहिल्यांदाच जमलं होतं. मी मुद्दाम चुकत राहिलो. ती पुन्हा सांगायची.

दुपारी तिने माझ्याकडून जुनी एक चाल शिकून घेतली, शाळेत आम्ही पाढे म्हणायचो ती. तिच्या ळ ला आता धार आली आहे. सोळा म्हणते, सोला नाही. ऐकून मला आनंद व्हायला हवा, आणि होतोच. पण हा ळ नागपुरात सगळ्यांनाच येतो. तिथे त्याचं कौतुक कुणाला?

तिच्या दातांकडे पाहिलं. रबरं जागेवर. मुलगी शब्दाची पक्की.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आज दिवसभर काही लिहिण्यासारखं नाही. कवळी वाटीत. समता शाळेत. घड्याळ आणि मी.

३० नोव्हेंबर, रविवार

आज किती दिवसांनी ऊन पडलं. दुपारचं जेवण लवकर उरकून गच्चीत संत्री सोलत बसलो होतो. विनयनेच पाठवलेली, नागपूरची. समता वर्गातल्या कुणाची नक्कल करून दाखवत होती आणि मोठ्याने हसली. तोंड पूर्ण उघडं, उन्हात सगळे दात दिसले. जेवण होऊन तास झाला तरी रबरं नव्हती. दोन्हीकडे नव्हती. सकाळच्या फोटोत होती. ती हसता हसता थांबली, आणि मी पाहिलंय हे तिनेही पाहिलं.

मी म्हटलं, शाल घे ग, वारं आहे.

संध्याकाळी सशाने विचारलं. मी अंगठा ठेवला. हिरवं झालं.